कात्रीची ओळ

इस्लामपूरच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तो शहाण्णव सालच्या जूनमध्ये. त्याच्यासाठी जुन्या रेकॉर्ड रूममधली कपाटं हलवली, खिडकीला काच बसवली आणि दाराशी पाटी लावली: चपला बाहेर काढाव्यात. प्राचार्यसुद्धा मोज्यांवर आत जायचे. वर्डमध्ये टाईप करायचं काम मधुकर पाटणकरांकडे आलं. ते आमचे सर्वांत जुने टायपिस्ट, मिनिटाला साठ शब्दांचे. मी आवक-जावक सांभाळायची, थोडंफार इंग्रजी टायपिंग करायची, आणि पाटणकर रजेवर असले की त्यांच्या खुर्चीवर बसायची. खोली झाडायचं, कॉम्प्युटर पुसायचं काम मात्र भामाबाई खरातांकडे होतं.

भामाबाईंचे यजमान आमच्याकडे शिपाई होते. ते गेले आणि त्यांच्या जागी भामाबाईंना घेतलं. वय तेव्हा चाळीस-बेचाळीस, शिक्षण चौथी. मराठी वाचायच्या, सही करायच्या, इंग्रजी अजिबात नाही. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायच्या आणि रोज सव्वादहाला ऑफिसात हजर. एक खोड होती बाईंना. कुठलीही वस्तू पुसायला घेतली की ती उलटीपालटी करून बघायच्या. स्टेपलर कुठे उघडतो, पंख्याच्या रेग्युलेटरच्या आत काय असतं, घड्याळाची किल्ली उलटी फिरवली तर काय होतं. आम्ही हसायचो.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये परीक्षेच्या तोंडावर ते घडलं. पाटणकर सकाळपासून बैठक व्यवस्थेची यादी टाईप करत होते, सहाशेच्या वर मुलांची. साडेअकराला ते चहाला गेले. जाताना मशीन तसंच चालू ठेवून गेले. मी दारातून पाहिलं होतं. नियम असा होता की मशीन बंद असेल तेव्हाच पुसायचं. भामाबाईंना पडदा काळा आहे की पांढरा एवढंच बघायची सवय, आणि त्या वेळी चालू मशीनवरही आपोआप काळा पडदा यायचा. त्यांना वाटलं बंद आहे. फडकं घेतलं आणि पुसलं.

पाटणकर परत आले तेव्हा बाई फडकं हातात धरून पडद्याकडे बघत उभ्या होत्या. पडद्यावर यादी होती, पण यादीशिवाय काहीच नव्हतं. वरची मेनूची नावं नाहीत, चित्रांची पट्टी नाही, बाजूचा सरकायचा दांडा नाही. कोपऱ्यात एक छोटी चौकोनी डबी तेवढी तरंगत होती. पाटणकरांना वाटलं हीच काहीतरी बिघाडाची खूण, म्हणून त्यांनी तिच्यावरच्या फुलीवर माऊस नेला आणि ती डबीही घालवली.

"काय केलंत तुम्ही?" ते म्हणाले.

"पुसलं, साहेब."

"चालू मशीन पुसलंत?"

बाईंनी फडकं पाठीमागे घेतलं. मशीन कोणी चालू ठेवलं ते मला माहीत होतं, पण ते मी सांगितलं नाही.

खरी अडचण वेगळीच होती. सकाळपासूनची यादी जतन केलेली नव्हती. जतन करायचं तर मेनू पाहिजे, आणि मेनूच गेला होता. मशीन बंद केलं तर यादी जाणार. त्यात लाईट जायची वेळ, आणि बॅटरी दहा मिनिटांच्या वर टिकत नव्हती. प्राचार्यांनी कोल्हापूरला फोन लावला. तिथला कृष्णात म्हणून एक इंजिनिअर आमच्या भागातली मशीनं बघायचा. तो म्हणाला, कशालाही हात लावू नका, येतो. मग सगळं ऑफिस त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलं. भामाबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. जेवणाचा डबाही त्यांनी उघडला नाही.

नशिबाने लाईट गेली नाही. कृष्णात तीनच्या गाडीने आला. चपला काढल्या, खुर्चीवर बसला, पडद्याकडे एकदा पाहिलं आणि एक बटण दाबलं. सगळं परत आलं. नावं, चित्रं, दांडा, सगळं. पाटणकरांनी आधी यादी जतन केली, मग घाम पुसला. काय दाबलं ते त्यांनी विचारलं नाही. कृष्णातला पुढच्या कामाला पेठ नाक्यावर जायचं होतं, त्यामुळे त्यानेही सांगितलं नाही. निघताना एवढंच म्हणाला, "बाईंना कीबोर्ड पुसायला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा तोंडी हुकूम आला. भामाबाईंनी कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं नाही. त्यांना रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला पाठवलं.

आठवडाभराने त्या माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, रडतील, गाऱ्हाणं सांगतील. त्या म्हणाल्या, "पद्माताई, त्या इंजेनेरानं डाव्या हाताच्या करंगळीनं दाबलं. वरच्या कोपऱ्यातलं बटन. म्या दारातनं बघितलं. त्याच्यावर काय लिवलंय?"

मी जाऊन पाहून आले. "ई, एस, सी. एस्केप."

"म्हंजी काय?"

"निसटणं. सुटून जाणं."

त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. "आन् गेलं कशानं?"

"तुमचं फडकं लागलं म्हणून."

"फडकं समद्या बटनांला लागलं, ताई. रोज लागतंय. मग त्याच दिशी का?" जरा थांबून त्या म्हणाल्या, "पुसताना ते तीनदा वाजलं हुतं. टुंग, टुंग, टुंग. मग गेलं."

हे वाजण्याचं मला नवीन होतं. त्यांना ते आठवत होतं, आणि पाटणकरांना, मला, कृष्णातला, कोणालाही त्याबद्दल विचारायचं सुचलं नव्हतं. मलाही उत्सुकता वाटू लागली. शनिवारी ऑफिस दुपारी सुटायचं. त्या शनिवारी पाटणकर सांगलीला गेले होते आणि खोलीची किल्ली माझ्याकडे होती. मी भामाबाईंना थांबायला सांगितलं. हुकूम मोडतोय हे दोघींनाही माहीत होतं. बाईंनी नळावर जाऊन पाय धुतले आणि मगच आत आल्या.

मी वर्ड उघडून चार ओळी टाईप केल्या. भामाबाईंनी फडकं घेतलं आणि नेहमीसारखं पुसलं. पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी उमटली. पुन्हा पुसलं, पुन्हा खिचडी. पाच-सहा वेळा झालं. मग त्या थांबल्या, डोळे मिटले आणि हात हवेतच फिरवून बघितला.

"त्या दिशी हितं डाग हुता," त्या म्हणाल्या. "चहाचा. ह्या खालच्या बटनापाशी. म्हणून मी हितनं जोर दिला आन् वर असं तिरकं नेलं."

खालचं बटण म्हणजे डावीकडचं ऑल्ट. तिथून त्यांनी फडकं उजवीकडे आणि मग वर तिरकं ओढलं. टुंग. टुंग. टुंग. आणि पडदा कोरा झाला. माझ्या चार ओळी तेवढ्या राहिल्या.

मी घाईने दाराकडे पाहिलं. बाई मात्र शांत होत्या. त्यांनी करंगळी नव्हे, उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं आणि कोपऱ्यातलं बटण हळूच दाबलं. सगळं परत जागेवर. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. हसू म्हणता येणार नाही. एखाद्याने आपल्याला ओळखलं की माणूस जसा बघतो, तशा त्या पडद्याकडे बघत होत्या.

मग आम्ही फडकं बाजूला ठेवलं आणि फडक्याच्या वाटेवरचं एकेक बटण बोटाने दाबत गेलो. ऑल्टने वरच्या नावांवर खूण उमटली. सी दाबलं तर टुंग. व्ही दाबलं तर एक नाव उघडलं, व्ह्यू, आणि खाली यादी आली. जी दाबलं, टुंग. वाय दाबलं, टुंग. यू दाबलं आणि कोरा पडदा. म्हणजे कामाची बटणं तीनच, बाकीची नुसती वाजणारी. मी परत आणून ती यादी वाचली. यूखाली रेघ असलेला शब्द होता, फुल स्क्रीन.

"पूर्ण पडदा," मी सांगितलं. "लिहिलेलं मोठं दिसावं म्हणून बाकीचं लपवायची सोय आहे ही."

"सोय हाय?" त्या म्हणाल्या. "कुणी मुद्दाम केलीया?"

"हो."

त्यांनी वाकून ती यादी पुन्हा बघितली. मग म्हणाल्या, "म्हंजी मोडलं न्हवतंच. म्या त्याला काय तरी सांगितलं आन् त्यानं ते ऐकलं. मला ठावं न्हवतं मी काय सांगितलं, एवढंच."

त्या वेळी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "भामाबाई, त्या दिवशी मशीन पाटणकरांनी चालू ठेवलं होतं. मी पाहिलं होतं. मी बोलायला पाहिजे होतं."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी दारातच हुता. तुमाला दिसलं आसनार, हे मला तवाच कळलं हुतं." आणि फडक्याची घडी घालत म्हणाल्या, "आता परत एकदा करू का?"

हे आम्ही कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर हुकूम मोडल्याचंही सांगावं लागलं असतं. भामाबाई प्रयोगशाळेत भांडी धूत राहिल्या. अधूनमधून शनिवारी आम्ही अर्धा तास बसायचो. माऊस त्यांना लवकर जमला नाही. बाण पडद्याबाहेर जातोय असं वाटून त्या माऊस उचलून धरायच्या. पण चित्रांची पट्टी त्यांना पाठ झाली. इंग्रजी येत नसल्यामुळे प्रत्येक चित्राला त्यांनी नाव दिलं होतं. कात्री, जुळे कागद, कुंचला, उलटा फिरलेला बाण. त्या पट्टीला त्या 'कातरीची वळ' म्हणायच्या, म्हणजे कात्रीची ओळ, आणि तिच्या खालच्या पट्टीला 'जाड्या अक्षराची वळ'.

जुलैमध्ये प्रवेशाच्या गर्दीत कात्रीची ओळ खरोखरच गेली. भामाबाई तेव्हा बहिणीकडे पाटणला गेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यावर ढकलायला कोणाला वाव नव्हता. सकाळी पाटणकरांनी मला हाक मारली. मेनूची नावं जागेवर होती, खालच्या दोन्ही पट्ट्या नव्हत्या. मी मोठ्या ऐटीत कोपऱ्यातलं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पाटणकर माझ्याकडे बघू लागले. कृष्णातला फोन केला तर तो बेळगावला गेलेला, चार दिवस येणार नव्हता. बोनाफाईडसाठी खिडकीशी मुलांची रांग होती, आणि पाटणकरांचा हात चित्रांवर बसलेला. चित्रं नाहीत तर छापायचं कुठून, हे त्यांना सुचेना. दोन दिवस त्यांनी जुन्या टाईपरायटरवर काम काढलं.

भामाबाई आल्या त्या दिवशी मी सरळ त्यांना हाताला धरून खोलीत नेलं. पाटणकर म्हणाले, "अहो, यांना कशाला?"

"बघू देत," मी म्हणाले.

बाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. "वरची नावं हायती," त्या म्हणाल्या. "म्हंजी पूर्ण पडदा न्हवं. वळीच तेवढ्या गेल्यात. कोपऱ्याचं बटन काय कामाचं न्हाई." मग माझ्याकडे वळल्या. "ताई, लपवायची सोय ज्या नावाखाली हुती, तेच नाव उघडा. लपवायचं समदं एका जाग्यालाच ठेवलं आसंल."

मी व्ह्यू उघडलं. यादीत टूलबार्स असा शब्द होता. दाबला तर एक चौकट आली, तिच्यात नावांपुढे छोटी छोटी घरं. पहिल्या दोन नावांपुढची घरं रिकामी होती. मी दोन्हींत खूण केली आणि होकाराचं बटण दाबलं. कात्रीची ओळ आली, तिच्याखाली जाड्या अक्षराची ओळ आली.

पाटणकरांनी चष्मा काढून पुसला. भामाबाईंनी त्यांना विचारलं, अगदी साधेपणाने, "साहेब, जायच्या आधी तुमी काय केलं हुतं?"

या प्रश्नात आरोप अजिबात नव्हता. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. पाटणकरांनाही ते कळलं असावं, कारण ते आठवू लागले. "माऊसचं उजवं बटण दाबलं गेलं बहुतेक. एक यादी आली होती. ती जाईना म्हणून मी तिच्यावरच दाबलं. मग खालची पट्टी राहिली, तिच्यावरही तसंच करून पाहिलं."

"कुठं दाबलं? दावा."

त्यांनी पट्टीवर बाण नेऊन उजवं बटण दाबलं. यादी आली, नावांपुढे खुणा. एकावर दाबलं, कात्रीची ओळ गेली. परत यादी काढून दाबलं, आली. मग बाई खुर्चीवर बसल्या आणि स्वतःच्या हाताने ती ओळ घालवू-आणू लागल्या. आठ-दहा वेळा केलं असेल. मध्येच त्या म्हणाल्या, "दिसत न्हाई तवा ती कुठं आसती वो?" पाटणकरांनी खुर्चीमागून वाकून पाहिलं. तिघं आम्ही त्या पडद्याकडे बघत राहिलो, आणि खिडकीशी मुलं ओरडत होती.

तेवढ्यात प्राचार्य आले. मशीन परत कामाला लागलेलं दिसलं. "कोणी केलं?"

"भामाबाईंनी," पाटणकर म्हणाले.

प्राचार्यांच्या कपाळावर आठी चढली. "परत?"

"नाही साहेब. दुरुस्त केलं त्यांनी." मग ते जरा घुटमळले. "आणि मार्चमध्ये मशीन चालू ठेवून मी चहाला गेलो होतो. तेही सांगायचं राहिलं होतं."

प्राचार्यांनी माफी मागितली नाही, ती त्यांची रीत नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून भामाबाईंचं भांडी धुणं सुटलं आणि खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे आली.

पुढची कल्पना पूर्ण भामाबाईंची. त्या म्हणाल्या, "मशीन धड हाय तवा त्याचा फोटू काढून ठिवता यील का? मग काय गेलं ते फोटूत बघून कळंल." मी आणि पाटणकर दोन दिवस खटपट करत होतो. पडद्याचं चित्र उचलून घ्यायचं बटण कीबोर्डवरच आहे, हे पाटणकरांनाच सापडलं. प्रिंटरने करकरत ते चित्र छापलं, शाईच्या रेघा थोड्या पुसट, पण ओळखू येण्याजोगं. प्रत्येक चित्राखाली मी भामाबाईंची नावं मराठीत लिहिली. तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला. कृष्णात पुढच्या वेळी आला तेव्हा तो बराच वेळ वाचत उभा राहिला, आणि त्याने त्याची एक झेरॉक्स मागून घेतली.

त्याच कृष्णातमुळे अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये आम्हाला साताऱ्याला जावं लागलं. आमच्या संस्थेचं तिथेही एक कॉलेज होतं. तिथल्या मशीनवर काहीतरी गेलं होतं आणि कृष्णातला वेळ नव्हता. तो त्यांना फोनवर म्हणाला, इस्लामपूरच्या भामाबाईंना बोलवा. प्राचार्यांनी इंग्रजी वाचायला मला बरोबर दिलं. कराडला गाडी बदलून आम्ही पोचलो. तिथले हेडक्लार्क आप्पासो माने यांनी आधी माझं स्वागत केलं आणि भामाबाईंना चहा आणायला सांगितलं. मी म्हटलं, "याच भामाबाई." ते इतके ओशाळले की चहा स्वतः घेऊन आले.

भामाबाईंनी आमचा कागद पडद्याशेजारी धरला आणि त्यांचा चेहरा पडला. इथलं वर्ड नवीन होतं. चित्रं सपाट, पट्ट्या वेगळ्या, कागदाशी काही जुळेना. त्या स्वच्छ म्हणाल्या, "हे म्या वळखत न्हाई." आप्पासो माझ्याकडे बघू लागले. मलाही वाटलं, आलो तसे परत जाणार.

मग त्यांनी विचारलं, "ह्याच्यासारखं दुसरं मशीन हाय का? धड आसलेलं?"

ग्रंथालयात होतं. त्या दोन खोल्यांच्या मध्ये चार वेळा फिरल्या. प्रत्येक फेरीला वरची नावं बोटांवर मोजत यायच्या. शेवटी म्हणाल्या, "तिकडं नऊ हायती, हितं आठ. जाड्या अक्षराच्या वरती जे नाव आसतंय त्याच्या मोहरं एक कमी हाय." मी ताडून पाहिलं. टूल्स हे नाव गेलं होतं, आणि शब्दांच्या चुका तपासायची सगळी सोय त्याच्याखाली होती. आता हे कुठून आणायचं? भामाबाईंनी नावांच्या पट्टीवरच उजवं बटण दाबून पाहिलं. यादी आली. तिच्या शेवटी एक वेगळा शब्द होता, मी वाचला, कस्टमाईज. त्यातून चौकट, चौकटीत पट्ट्यांची नावं. मी एकेक वाचून दाखवत गेले. मेनू बार आल्यावर त्यांनी मला थांबवलं. "बाजूला काय लिवलंय?"

"रीसेट. पहिल्यासारखं करणं."

"मग तेच की."

मी दाबलं, त्याने खात्री आहे का विचारलं, मी हो म्हटलं. नववं नाव आपल्या जागेवर आलं. आप्पासोंनी खुर्ची सोडून उभं राहून पडद्याकडे पाहिलं, मग ग्रंथपालांना बोलावून आणलं, मग लेखनिकांना. सगळ्यांना भामाबाईंनी तेच पुन्हा करून दाखवलं. नाव गेलं कसं असेल, तेही शोधून काढलं. बहुतेक ती चौकट उघडी असताना कोणीतरी ते नाव ओढून बाहेर टाकलं होतं. हे कळल्याशिवाय त्या उठायला तयार नव्हत्या, आणि आमची चारची गाडी चुकली.

परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "ताई, दर वेळी तुमाला वाचाय लावनं बरं न्हवं. मला अक्षरं शिकवा."

मी सोमवारपासून शिकवायला लागले. पाटी-पुस्तक त्यांनी नको म्हटलं. कीबोर्डवरच शिकल्या, वरच्या ओळीपासून, क्यू, डब्ल्यू, ई, आर. त्यामुळे एबीसीडी ओळीने म्हणायला सांगितली तर त्या शेवटपर्यंत अडखळायच्या. पण कुठलंही अक्षर सांगा, बोट बरोबर त्याच्यावर. नव्याण्णवमध्ये सांगलीला ऑफिसच्या लोकांसाठी तीन दिवसांचं कॉम्प्युटरचं शिक्षण होतं, तिथे पाटणकरांबरोबर भामाबाईंचंही नाव प्राचार्यांनी पाठवलं. शिकवणाऱ्या मॅडमना त्यांनी तिसऱ्या दिवशी तोच जुना प्रश्न विचारला, ओळ दिसत नसते तेव्हा ती कुठे असते. मॅडमनी फळ्यावर चौकोन काढून, त्यात टाचणी लावल्यासारख्या खुणा करून अर्धा तास समजावलं. भामाबाईंना किती कळलं माहीत नाही. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिला बी पुरतं ठावं न्हाई. पन ती इचार करतीया."

त्या वर्षी आमच्या कॉलेजात आणखी चार मशीनं आली. ती कुठे ठेवायची, खिडक्यांना काच कुठली लावायची, हे ठरवायला प्राचार्यांनी बैठक घेतली, तेव्हा पाटणकरांच्या शेजारची खुर्ची त्यांनी भामाबाईंसाठी ठेवायला सांगितली.